थकवा कधीपासून आहे?

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आईच्या हाती पाण्याचा पेला दिला. आईने संकोचून गळ्यावरचा पदर बाजूला केला. घोट गिळताना तिच्या गळ्यातली गाठ हलकेच वर सरकली आणि खाली आली.

"थायरॉईड वाटतंय, रक्त तपासू. थकवा कधीपासून आहे, मावशी?"

आई हसली. "बाई, तो कधी नव्हता?"

तपासणीत थायरॉईडच निघाला. चेहऱ्यावरची सूज, गळणारे केस, चैत्रातही अंगावर घेतलेली शाल, सगळ्याला एकदम नाव मिळालं. थकव्याला मात्र आई आजार म्हणायला तयार नव्हती. आमच्याकडे बाईच्या थकव्याला कधी कुणी तसं म्हटलंच नाही. रोज गोळी घेतली की आजाराचा थकवा हळूहळू जाईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. उरलेल्याचं काय, हे विचारायला माझी जीभ रेटली नाही.

आता रोज सकाळी आई उपाशीपोटी गोळी घेते. त्यानंतर अर्धा तास चहा घ्यायचा नसतो. पेला खाली ठेवला की ती लगेच झाडू उचलते.

"चहा होईपर्यंत तरी बस गं, आई."

"नको बाई," ती म्हणते, "बसायची सवय लागेल."