न पुसलेला गोल

ट्रोलहेत्तनच्या मोटारींच्या कारखान्यात गुनवोर स्टोलहामर हिच्या उजव्या हाताला डोळ्यांपेक्षा जास्त मान होता. रंगखात्याच्या अलीकडच्या लाईनीवर ती उभी असायची. पातळ सुती मोजा घालायचा, उघड्या पत्र्यावरून हात फिरवायचा, दिव्याखालीही न दिसणारा पोचा शोधायचा आणि सापडला की पिवळ्या खडूनं त्याच्याभोवती गोल काढायचा. पाळीला नव्वद बॉड्या. एका बॉडीला पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत ती बोलत नसे आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकून घेत नसे.

गोल काढलेली बॉडी बाजूच्या गाळ्यात जायची. तिथं वेइक्को लेह्तोरान्ता असायचा. तरुणपणी फिनलंडहून आलेला, डावरा, हातोडी आणि कानशीचा माणूस. आतून ठोकून पोचा उचलायचा, वरून कानशीनं पत्रा सारखा करायचा. चोवीस वर्षं दोघांची जोडी होती. त्या खात्यात एक नियम होता, लिहिलेला कुठंच नव्हता. गोल ज्यानं काढला त्यानंच तो पुसायचा. काम करणाऱ्यानं खडूच्या रेघेला धक्कासुद्धा लावायचा नाही. काढणाऱ्यानं परत यायचं, हात फिरवायचा, पटलं तर बाहीनं पुसायचं. गोल आहे तोवर काम अपुरं.

"मास्तरीणबाई, वही तपासा आमची," वेइक्को गाळ्यातून ओरडायचा.

"अक्षर तरी वाचता येतंय का, बघते," म्हणत ती जायची.

बहुतेक वेळा पहिल्याच खेपेला पुसायची. कधी दुसऱ्या. तिसरी खेप वर्षातून एखादीच.

गाडीच तशी होती. विमानं बनवणाऱ्यांनी काढलेली, त्यामुळे चारचौघींसारखी दिसायला तयार नव्हती. सुरुवातीचं इंजिन पेट्रोलबरोबर तेलही प्यायचं आणि लाह्या फुटल्यासारखं वाजायचं. पुढं बॉनेट उलट्या बाजूनं उघडायचं, किल्ली दोन सीटांच्या मधे जमिनीजवळ लागायची. शाळामास्तर, डॉक्टर, घरांचे नकाशे काढणारे लोक ती हौसेनं घ्यायचे आणि परगावच्या लोकांचे टोमणे हसून ऐकायचे. गुनवोर कामाला लागली त्या सालात माणसं पुरत नव्हती. बर्फातही तीन दरवाज्यांतून पाळी आत यायची. मग अमेरिकेचे मालक आले, मग हॉलंडचे. लाईन तीच राहिली, तिच्यावरच्या गाड्या विरळ होत गेल्या. दोन गाड्यांमधलं अंतर वाढलं की कामगाराला ते पावलांत कळतं. गुनवोरला आधी चार पावलं पडायची, शेवटी अकरा पडायला लागली.

त्या शेवटच्या हिवाळ्यात तिच्या बोटांना काहीतरी झालं. तीन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडायची आणि तासतासभर त्यांत जीव नसायचा. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ती दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेली. आधीच्या खात्यात चालवलेल्या घासणी यंत्राच्या हादऱ्यानं असं होतं, गेलेलं परत येत नाही, असं त्यानं सांगितलं. तिनं मोजा चढवला आणि घरी आली. कुणाला सांगितलं नाही. हात गेला हे कळलं असतं तर तिला हत्यारखोलीत पाने मोजायला बसवलं असतं.

जूनमधली गोष्ट. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर तिनं गोल काढला. वेइक्कोनं काम केलं, हाक मारली. तिनं हात फिरवला.

"आहे अजून."

त्यानं पुन्हा केलं. तिनं पुन्हा हात फिरवला. "आहे."

तिसऱ्या खेपेला वेइक्कोनं कानस बाकावर ठेवली. "गुनवोर, इथं काही नाही. पाऊण मिलिमीटरचा पत्रा आहे. आणखी खरवडलं तर आतलं दिसेल."

"माझ्या हाताला लागतोय."

"हाताला विचार परत एकदा."

"माझा हात चुकत नाही, वेइक्को."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग मोज्याकडे पाहिलं. त्यानं कानस उचलली. तेवढ्यात पाळी सुटली. दुसऱ्या दिवशी लाईन सुरू झाली नाही. पुरवठादार माल देईनात. लोकांना घरी पाठवलं.

ऑगस्टमध्ये तो तिला दुकानात भेटला, हातात बटाट्यांची पिशवी. "माझा गोल पुसलास का?" त्यानं विचारलं.

"लाईन सुरू होऊ दे."

"तो पुसल्याशिवाय मी काही निवृत्त होत नाही, सांगून ठेवतो," तो हसत म्हणाला. सप्टेंबरात तो सरोवरावर मासे धरायला गेला आणि होडीत बसल्या बसल्याच गेला. गळ पाण्यातच होता.

नाताळच्या आदल्या आठवड्यात कारखान्याचं दिवाळं निघालं.

जानेवारीत दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या वकिलांनी थोडी माणसं राखणीला ठेवली. बॉडीखात्यात दोघं होती: गुनवोर आणि सिक्स्टेन हालगोर्ड नावाचा वायरमन. नळ गोठू नयेत, छत गळू नये, एवढंच बघायचं. लाईनीवर सतरा बॉड्या उभ्या होत्या, गाळ्यात एक. सतरांवर गुनवोरचा हात फिरला होता, सगळ्या तिनं पास केल्या होत्या. गाळ्यातलीवर गोल होता.

तो पुसायला एक बाही पुरली असती. पण न तपासता तिनं जन्मात गोल पुसला नव्हता आणि तपासायला आता बोटं नव्हती. आणखीही एक होतं. पोचा नव्हताच असं कबूल केलं, तर तिचा हात जूनच्या आधी केव्हापासून खोटं बोलत होता? किती गाड्या तशाच रस्त्यावर गेल्या? एकतीस वर्षांतली खरी किती धरायची? ती गाळ्यासमोरून जाताना दुसरीकडे बघायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी अकराला ती झाडू घेऊन गाळ्यात गेली आणि थांबली. बॉडीखाली लोखंडाचा कीस पडला होता. जुना कीस काळवंडतो. हा लखलखत होता.

तिनं झाडून घेतला. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेवढाच. आणि तो डाव्या अंगाला पडला होता. उजव्या हाताच्या माणसाचा कीस तिथं पडत नाही.

"सिक्स्टेन, गाळ्यात गेला होतास?"

"मी? मला कानस कुठून धरायची तेही ठाऊक नाही."

"मग हे काय?"

सिक्स्टेननं खाली वाकून पाहिलं. "उंदीर असतील."

"उंदीर कानस चालवतात?"

"पगार थकला की काहीही करतात," तो म्हणाला, पण हसला नाही. दोन्ही दारांची कुलपं त्यानं ओढून पाहिली. किल्ल्या त्याच्याच कमरेला होत्या. त्या दिवशी दोघांनी कॉफी आत न घेता बाहेर, वाऱ्यात उभं राहून घेतली. दालचिनीचा पाव तसाच राहिला.

गुनवोरनं जाडी मोजायचं यंत्र आणलं. डोळे होते, आकडा वाचता येत होता. गोलाच्या बाहेर पाऊण मिलिमीटर. आत अर्ध्याहून थोडं कमी. आठवड्यानं त्याहून कमी. त्यापुढच्या आठवड्याला पाव. खडूची रेघ मात्र जशीच्या तशी, कुठं फिकटलेलीसुद्धा नाही. इतकं नेटकं काम, रेघेला अंगठाही न लावता, त्या खात्यात एकालाच जमायचं.

"तू पुसून टाक ना तो गोल," सिक्स्टेन म्हणाला.

"तपासल्याशिवाय?"

"कोण बघतंय?"

गुनवोरनं मोजायचं यंत्र खोक्यात ठेवलं. कुणी बघत नसताना जे करायचं त्यालाच ती काम म्हणत आली होती.

मार्चमध्ये वकिलांचा निरोप आला. शुक्रवारी भंगारवाल्याचा ट्रक येईल, अठराही बॉड्या जातील. गुरुवारी सिक्स्टेन वाटाण्याचं सूप आणायला गावात गेला. गुनवोर एकटीच बॉडीखात्यात शिरली. दुपारचे बारा वाजले होते, छताच्या काचांतून पांढरा उजेड पडला होता. आत पाच अंश. श्वासाची वाफ दिसत होती. अठरा बॉड्या, एकीलाही डोळे नाहीत, काचा नाहीत, आणि तरी सगळ्या तिच्याकडे तोंड करून उभ्या.

गाळ्यात ती गोलापुढं उभी राहिली. आतला पत्रा कागद झाला होता. बोट टेकवलं तर दबत होता. आणखी एक रात्र, आणि भोक पडलं असतं. वेइक्कोचं शेवटचं काम म्हणून उद्या ते भोक गेलं असतं, भोवती तिचा पिवळा शेरा घेऊन.

तिनं मोजा काढला. तीन बोटं मेणासारखी. काही लागेना. चौथ्या बोटाचाही भरवसा वाटेना. मग तिनं टोपी काढली, गुडघे टेकले आणि आईनं पोराचा ताप बघावा तसा गाल पत्र्याला लावला.

पत्रा गरम होता.

आत्ताच कानस थांबवली असावी इतका गरम. ती दचकली, पण गाल काढला नाही. तपासणी अर्धी सोडायची नसते. तिनं गाल हळूहळू फिरवला, वरून खाली, मग आडवा, दोनदा. कुठं खड्डा नाही, कुठं उंचवटा नाही. खालची जाडी जाईल तिथं गेली होती, पण वरची वळणाची रेघ कारखान्यातून बाहेर पडलेल्या कुठल्याही गाडीला शोभेल अशी.

"नव्हता," ती म्हणाली. आवाज तिचाच तिला परका वाटला. "पहिल्या खेपेलाच नीट झालं होतं. माझी बोटं गेली होती, वेइक्को. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून. मी सांगितलं नाही."

तिनं बाहीनं गोल पुसला. पिवळी धूळ कोटाला लागली. कुठं काही हललं नाही.

आता घरी जायला हरकत नव्हती. पण ती उठून लाईनीकडे वळली. त्या सतरा बॉड्याही त्याच बोटांनी पास केलेल्या होत्या. पहिलीला तिनं गाल लावला. गार, आणि चांगली. दुसरी चांगली. तिसरीच्या दाराखाली गाल थांबला. पोचा. चिमणीच्या अंड्याएवढा, पण पोचा. सहावीला दोन. नववीच्या छतावर एक, लहान पोरालाही सापडला असता असा. थंडीनं गाल बधिर झाला तेव्हा तिनं दुसरा लावला. तोही बधिर झाला तेव्हा कोपर उघडं केलं. सतरांतल्या चार बॉड्यांवर मिळून तिनं खडूनं पाच गोल काढले, प्रत्येकाची रेघ नीट जुळवून. लाज वाटली. पण ती लाज पोटात दाबून चालण्यापेक्षा समोर पत्र्यावर पाहणं तिला बरं वाटलं.

शेवटचा गोल काढून तिनं खडू खिशात ठेवला आणि खाली मान घालून उभी राहिली. हे पोचे सारखे कोण करणार? तिच्या हातात हातोडी कधी बसलीच नव्हती.

पाठीमागं, तिसऱ्या बॉडीच्या बाजूला, आतून पत्र्यावर हातोडीचे दोन हलके ठोके पडले. मग थांबून एक. मग कानस सुरू झाली. एक लांब ओढ, एक आखूड. चोवीस वर्षं तिनं तीच ऐकली होती. डावऱ्या माणसाची ओढ.

पाय दाराकडे निघू पाहत होते. तिनं ते फरशीवर रोवले आणि वळून पाहिलं नाही. काम चालू असताना वेइक्कोला कुणी बघितलेलं आवडत नसे.

"सावकाश," ती म्हणाली. "ट्रक उद्या आहे."

कानस थांबली नाही. एका पोच्याला दहा-बारा मिनिटं लागली. आवाज थांबला की ती मागं चालत जायची, गरम पत्र्याला गाल लावायची, पटलं की पुसायची. सहावीच्या दुसऱ्या पोच्याला तिला पटलं नाही.

"इथं अजून आहे," तिनं सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "थांब. परत बघते." पुन्हा गाल लावला, पुन्हा कोपर लावलं. "आहे. खरंच आहे."

कानस पुन्हा सुरू झाली, थोडी घाईत, तो चिडला की व्हायची तशी.

अडीचच्या सुमारास सिक्स्टेननं दार ढकललं. सुपाचा डबा हातात, टोपीवर बर्फ. चार गोल पुसले गेले होते, एक उरला होता. तो उंबऱ्यावरच थांबला. गुनवोर त्याच्यासमोर होती, दोन्ही हात मोकळे, गाल लालबुंद, आणि कानशीचा आवाज तिच्या मागून येत होता.

"गुनवोर," तो हळू म्हणाला, "कोण आहे तिकडं?"

"जोडीदार आहे माझा. एकच राहिलीय," ती म्हणाली. "दार लाव, गारठा येतोय."