शिपायाबरोबर पाठवलेलं पत्र

अंबरनाथच्या एका अनुदानित शाळेत मी एकटाच कारकून होतो. स्वभाव तिरसट. पगाराची चौकशी करायला आलेल्या मास्तरांना मी दारातूनच पिटाळायचो, त्यामुळे सुखासुखी कुणी कार्यालयात फिरकत नसे. आई वारल्यापासून बदलापूरच्या घरीही बोलायला कुणी उरलं नव्हतं. दिवसाकाठी माझ्याशी चार शब्द बोलणारं माणूस एकच, सहावीच्या बाई. मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायच्या आणि "काय भाऊसाहेब, आज कुणावर डाफरलात?" म्हणून माझीच फिरकी घ्यायच्या.

त्यांच्या यजमानांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांनी सहा महिने बिनपगारी रजा मागितली. अर्ज हातात धरून रडवेल्या उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही घर सांभाळा. इकडचं मी बघतो."

आणि मी काय बघितलं? बिनपगारी रजा घेतली की वार्षिक पगारवाढ तेवढीच पुढे ढकलायची, हा साधा नियम. तो विसरून मी वाढ नेहमीच्याच तारखेला लावली, आणि पुढे दर वर्षी तशीच लावत गेलो.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. बाईंच्या निवृत्तीला वर्ष उरलं आणि त्यांचं सेवापुस्तक पडताळणीसाठी ठाण्याच्या लेखा कार्यालयात पाठवायची वेळ आली. पानं चाळताना ती चूक दिसली, माझ्याच अक्षरात. दडपावी तर ठाण्याला सापडून त्यांची पेन्शन अडकणार. सांगावी तर जादा गेलेला पगार त्यांच्याकडून वसूल होणार. दोन दिवस पुस्तक कपाटात ठेवलं. त्या दोन्ही दिवशी बाई आल्या. त्यांनी दिलेले घावणे मी खाल्ले.

तिसऱ्या दिवशी वसुलीचं पत्र टाइप केलं. त्यात 'कार्यालयीन चुकीमुळे' असं लिहिलं, माझं नाव कुठेच नाही. मुख्याध्यापकांची सही घेतली आणि पत्र शिपायाकडे दिलं. सगळीच पत्रं तशी जायची, अशी मी मनाची समजूत घातली. सहावीचा वर्ग माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होता. बाईंनी ते पोरांसमोर उभ्या उभ्या वाचलं आणि शिपायाच्या वहीत 'मिळाले' लिहून सही केली.

त्या मधल्या सुट्टीत मी डबा न उघडता वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. दरमहा पगारातून कपात झाली, त्यांनी चकार शब्द काढला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्षभर मी एकटाच जेवलो. शिक्षकांच्या खोलीतून त्यांचं हसणं ऐकू यायचं. मला त्यांचा राग यायचा, मग स्वतःची लाज वाटायची.

निरोपाच्या दिवशी पेन्शनच्या कागदांवर सह्या करायला त्या आल्या. सह्या होईपर्यंत मी कसाबसा धीर गोळा केला.

"बाई, चूक माझी होती."

"ठाऊक होतं मला."

जुनंच वाक्य सवयीने तोंडात आलं. "पेन्शनची काळजी करू नका. इकडचं मी बघतो."

बाईंनी पेन माझ्यापुढे ठेवलं आणि पर्स खांद्याला लावली.

"बघा. आणि काही लागलं तर, भाऊसाहेब, शिपायाबरोबर पत्र पाठवा."