व्याह्यांनी मालाला हात लावला नाही

आमच्या व्याह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या मालाला हात लावलेला नाही. महाडपासून कशेडीच्या घाटापर्यंत सध्या याच्या नेमकं उलटं सांगितलं जातं, लग्नाच्या पंगतीत हसून सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीही आहेत. त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की आधी हे शेवटपर्यंत वाचा आणि मग तोंड उघडा. मी पंचाहत्तरी ओलांडलेला निवृत्त मास्तर आहे. रक्तदाब आहे, संतापू नका असं डॉक्टर सांगतात. दोन वर्षं मी गप्प राहून पाहिलं. त्याने रक्तदाब उतरला नाही आणि माणूस मात्र हातचा गेला.

व्याही म्हणजे माझ्या धाकट्या मुलीचे सासरे. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी, आणि खाली घाटाच्या पायथ्याशी हायवेला त्यांचं गॅरेज होतं. चाळीस वर्षं धापा टाकणारे ट्रक घाट चढण्याआधी त्यांच्यापुढे उभे राहत आणि हे बोनेट उघडून ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. गुडघे गेले तेव्हा गॅरेज पुतण्याच्या ताब्यात दिलं, आणि बाप रिकामा बसला म्हणून आमच्या जावईबापूंनी त्यांना स्मार्टफोन आणून दिला. आठवड्यात तो अडायला लागला. दुसरा कुणी असता तर त्याने मुलाला फोन केला असता. यांनी चष्मा लावला आणि इंजिन खोलावं तसा तो फोन सेटिंगच्या बाजूने खोलला. त्यांच्या असं ध्यानात आलं की प्रत्येक ॲप स्वतःच्या सोयीसाठी बारीकसारीक काहीतरी साठवून ठेवतं, एकदा बघितलेली चित्रं, एकदा उघडलेली पानं, पुढच्या वेळी पटकन हाताशी यावीत म्हणून, आणि ते साठत साठत फोनचा गळा धरतं. फोनच्या भाषेत त्याला कॅशे म्हणतात. व्याही त्याला काजळी म्हणत. आणि माणसाने स्वतः फोनमध्ये जे भरलेलं असतं, फोटो, निरोप, फॉर्म, तो माल. ‘काजळी काढायची. मालाला हात लावायचा नाय. माल शेटचा असतो.’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

तेव्हापासून त्यांचा राग ट्रकवरून उतरला आणि लोकांच्या फोनवर बसला. कुणी बोलता बोलता स्क्रीनवर दोनदा बोट आपटलं की यांची मान वळायची. ‘आन इकडं,’ एवढंच म्हणायचे, मग ओळख असो वा नसो. एकदा आम्ही वीर स्टेशनवर उतरून रिक्षाने महाडला येत होतो. रिक्षावाल्याचा फोन गाणं अर्ध्यावर टाकून थांबला, म्हणून त्याने तो मांडीवर आपटला. व्याह्यांनी तिथल्या तिथे रिक्षा बाजूला घ्यायला लावली आणि विचारलं, इंजिन अडलं की बोनेटवर लाथ मारतोस काय रे? आधी फोन बंद करून चालू करायला लावला, मग कुठलं ॲप किती जागा खातंय ते यादी उघडून दाखवलं, त्यातल्या तीन खादाडांची काजळी काढली, आणि शेवटी गुलाबाच्या फुलांवर ‘शुभ सकाळ’ लिहिलेली चित्रं शेकड्यांनी बाहेर काढली. ती पुसायची की नाही हे त्यालाच ठरवायला लावलं, कारण तो माल. पण ठरवेपर्यंत त्याला सोडलं नाही. गाणं परत सुरू झालं तोवर मागून आलेल्या चार रिक्षा महाडला पोचल्या असतील.

माझ्या मुलीच्या लग्नात हे वरबाप. मुलीकडचे आम्ही लोक त्यांना शोधत फिरत होतो, मानपानावरून काही बिनसतंय की काय. हे महाशय मांडवात खुर्ची टाकून आमच्याच पाहुण्यांचे फोन साफ करत बसले होते. माझाही फोन घेतला. बराच वेळ बघितला. मग माझ्या बायकोला हाक मारून म्हणाले, ‘ताई, मुलीला वळन चांगलं लावलंत हो. सरांच्या फोनला काय नाय वळन.’ तेवढीच काय ती मानपानाची तक्रार. हिरकणीवाडीला रोपवेच्या रांगेत एका पाहुण्याचा फोन भरला होता म्हणून गडाचा फोटो निघेना. त्यालाही यांनी मोकळं केलं आणि वर दम दिला की फोटो एकच काढ, मग गड बघ.

वाडीत तर त्यांचा दरबारच होता. ट्रकवाले अमावास्येला गाडी धुऊन लिंबू-मिरची बांधतात, त्या सवयीने यांनी फोनलाही अमावास्या लावून दिली. महिन्यातून एकदा ओट्यावर फोनांची ओळ लागायची. रोज कुणी घेऊन आलं तर हाकलून द्यायचे. म्हणायचे, काजळी रोज काढली तर फोन ती परत जमवण्यातच दमतो. आणि ‘आम्ही तुमचा फोन साफ करून देतो’ म्हणणारी जी ॲप फुकट मिळतात, त्यांचा त्यांना असा संताप की माझ्या बायकोच्या फोनमध्ये एक सापडलं तेव्हा महिनाभर ते आमच्याकडे जेवले नाहीत. चोराच्या हातात झाडू दिलात, म्हणाले. वाडीतल्या म्हाताऱ्या बायका एरवी मुलालाही फोन हातात देत नाहीत, त्या यांच्या ओट्यावर फोन ठेवून पाण्याला निघून जायच्या. हे मी मुद्दाम लिहितोय. या माणसाचा मान किती होता ते कळल्याशिवाय मी काय घालवलं ते कळणार नाही.

तीन पावसाळ्यांपूर्वी तहसील कार्यालयातून दरडीच्या भीतीखालच्या घरांची, पुढे त्यांना सुरक्षित जागा द्यायची म्हणून, यादी करायचं ठरलं. घरमालकाने स्वतः घरासमोर उभं राहायचं, फोटो काढायचा, मापं, माणसं, गुरं सगळं एका ॲपमध्ये भरायचं. वाडीत रेंज नाही, म्हणून माहिती आधी फोनमध्येच साठवायची आणि खाली पोलादपुरात येऊन एकदम पाठवायची. व्याह्यांनी माझं नाव सुचवलं. फोन माझा, कारण तो नवा होता. भरायचं मी, कारण मी मास्तर. चार दिवस आम्ही दारोदार फिरलो. मुंबईला कामाला असलेले पुरुष रजा टाकून आले होते. व्याह्यांचा चुलतभाऊ तिकडे वॉचमन आहे, त्याचं घर सगळ्यांत वर, डोंगराला अगदी टेकलेलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा राहिला आणि मागच्या डोंगराला गेलेली भेग फोटोत यावी म्हणून त्याने मला तीनदा जागा बदलायला लावली. भेग आली. छान आली.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही पोलादपूरच्या नाक्यावर, चहाच्या टपरीशी उतरलो. पाठवायचं बटण दाबलं तर ॲप नुसतं गोल फिरत राहिलं. व्याह्यांनी फोन घेतला, काजळी काढली, ‘आता दमानं चालू द्या’ म्हणून माझ्या हातात परत दिला आणि हात धुवायला टपरीच्या मागे गेले. दमानं. शब्द मला स्वच्छ ऐकू आला होता. मी ॲप उघडलं, चाक परत फिरायला लागलं, आणि मला वाटलं, शंभर वेळा बघितलंय, मला काय येत नाही? सेटिंगमध्ये गेलो. तिथे दोन बटणं शेजारी शेजारी असतात, एक काजळीचं, एक मालाचं. मी मालाचं दाबलं. फोनने विचारलंसुद्धा की सगळं कायमचं पुसलं जाईल, चालेल का. प्रश्न नीट वाचा म्हणून आयुष्यभर पोरांच्या हातावर छड्या मारणारा मी, न वाचता हो म्हणालो.

व्याही लेंग्याला हात पुसत आले तेव्हा ॲप कोरं होतं. नवा माणूस समजून मला माझं नाव विचारत होतं. त्यांनी फोन हातात घेतला, खालीवर केला, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की तसा मी आधी कधी बघितला नव्हता.

‘सर, माजं बोट बाजूच्या बटनावर पडलं काय?’

मी म्हणालो, ‘असेल.’

बस. एवढाच माझा गुन्हा, तीन अक्षरांचा. मुलीचा बाप सासरच्या माणसांपुढे खाली पाहत नाही, तिला पुढे ऐकून घ्यावं लागेल, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. हे साफ खोटं आहे. मुलगी मुंबईला सुखात होती, तिला कुणी काही बोललं नसतं. मी माझंच नाक वाचवत होतो.

व्याही त्याच संध्याकाळी वर गेले आणि स्वतःहून सांगितलं, चूक माझी. काम पुन्हा करावं लागलं, धो धो पावसात. मुंबईवाले पुन्हा आले. वॉचमन भावाला दुसऱ्यांदा रजा मिळाली नाही, आणि मालक हजर नाही म्हणून त्याचं घर यादीत आलं नाही. तो फोनवरून व्याह्यांना जे बोलला ते मला लिहवत नाही. पुढच्या अमावास्येला ओट्यावर चार फोन आले. त्याच्या पुढच्या अमावास्येला एकही नाही. आणि मग ती थट्टा निघाली, जी अजून चालू आहे: यांच्या हातात फोन द्या, घर गेलंच समजा. ज्याने कुणी ती पहिल्यांदा केली त्याला मी शोधतोय.

व्याह्यांनी उलट उत्तर कुणाला दिलं नाही. त्यांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, दोन-तीन वर्षं सहज थांबता येईल. हे ऐकेनात. दिसलं नाही म्हणूनच बोट चुकलं, कापा. महाडला ऑपरेशन झालं आणि सोबतीला कोण, तर मी. बाहेर बाकावर बसून होतो. आत त्या माणसाच्या डोळ्यात माझ्या चुकीसाठी सुरी चालली होती, आणि मी त्यांच्यासाठी नेलेल्या केळ्यांतली दोन खाल्ली. सहा महिन्यांनी दुसरा डोळा. तेव्हाही मीच.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर ते आमच्या घरी विश्रांतीला आले होते. सकाळी माझा फोन मागून घेतला, सेटिंग उघडलं आणि कितीतरी वेळ बघत बसले. मग म्हणाले, ‘आता दोनी बटनं येगळी दिसतात बगा.’ फोनवरून नजर न काढता म्हणाले, ‘पन तवापन दिसत व्हती, सर. खरं सांगतो. तवापन दिसत व्हती.’

तेव्हा मी बोललो. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी फोन खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, ‘मग डोळं कापलं तवा तुमी भायेर बसून काय करत व्हतात?’

मी केळ्यांचंही सांगितलं.

‘दोन डोळं, दोन केळी,’ ते म्हणाले. त्यानंतर जे म्हणाले ते गॅरेजमधलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी ड्रायव्हरांसाठी जपून ठेवलेलं सगळं मला मिळालं, आणि मी ते मान खाली घालून घेतलं. शेवटी म्हणाले, शिमग्याला सगळी वाडी जमते, मुंबईवाले असतात, तिथं उभं राहून सांगायचं.

मी सांगितलं. देवळापुढच्या अंगणात उभा राहून, बटणाचं, प्रश्नाचं, ‘असेल’ म्हणाल्याचं, सगळं. शब्द स्वच्छ होते. मग तो वॉचमन भाऊ उठला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो आला, माझ्या पाया पडला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, ‘व्याही असावा तर असा. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेतोय म्हातारा.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडून सांगत होतो की अरे, हे खरं आहे, माझ्याच हातून झालं, आणि जितका ओरडत होतो तितके लोक डोळे पुसत होते. सर कधी चुकलेत का, असं एक म्हातारी म्हणाली. मीच शिकवलेली ही वाडी. छत्तीस वर्षं मी यांना सांगत आलो की मास्तर खोटं बोलत नाही. त्याची ही परतफेड.

व्याही उठून चालते झाले. मी मागे मागे पायवाटेने उतरलो. खाली रस्त्याला लागल्यावर ते थांबले, पण वळले नाहीत. ‘आदी मी नुसता चुकलेला व्हतो, सर,’ ते म्हणाले. ‘आता चुकलेला, नि वर तुमच्या उपकारातला. ह्ये काय बरं झालं नाय.’ मी म्हटलं, मग मी काय करू? ते म्हणाले, ‘लिवून काढा. तोंडानं बोललात की ते तुमाला शोभून दिसतं.’

म्हणून हे लिहिलं आहे. यात शोभण्यासारखं काही सापडलं तर वाचणाऱ्याने ते खोडून टाकावं. त्या वॉचमनच्या घरासाठी मी तहसील कार्यालयात अर्जही दिला, की पहिल्या पाहणीत हे घर होतं आणि माझ्या हातून ते पुसलं गेलं. साहेबांनी पुरावा मागितला. पुरावाच तर मी पुसला होता. अर्ज अजून पडून आहे. मी दर सोमवारी जाऊन विचारतो आणि तिथेही माणसं मला खुर्ची देतात, पाणी देतात. मला आता खुर्चीचाही राग येतो.

व्याही रोज सकाळी पोलादपूरच्या नाक्यावर, टपरीबाहेरच्या बाकावर येऊन बसतात. उंच, काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे, दोन्ही डोळे अगदी स्वच्छ. शेजारच्या माणसाचा फोन अडला की त्यांची मान वळते. तेवढी अजून वळते. मग ते दोन्ही हात मांड्यांखाली घेतात आणि घाटाकडे जाणाऱ्या गाड्या बघत राहतात. तुम्ही कोकणात उतरताना तिथे चहाला थांबलात आणि तुमचा फोन अडला, तर तो त्यांच्यापुढे धरा. ते घेणार नाहीत. म्हणतील, मला नाय येत त्यातलं. वाद घालू नका. फोन त्यांच्या शेजारी बाकावर ठेवा, आत जा, आणि चहा जरा सावकाश घ्या.