मागं ओली भिंत

"काऊन वं मनाली, तिकडं थंडीनं बोटंच वाकत नसतीन, तं गोल कसा अडवतं तू?"

"वाकतेत मिस्त्रीकाका. नाई वाकले तं कोच वाकवते."

"अन् थे रबराची चकती? लागते काय?"

"तुमची वीट लागते काय?"

"वीट आपल्या मानसानं फेकेल असते."

"अन् चकती दुश्मनानं. बस, येवढाच फरक."

खालून तिची माय तानाबाई कडाडली, "वर्ते गप्पा हाणून राह्यले काय दोघं? घे वं!" आणि एकावर एक बसलेली दोन विटांची जोडी सरळ वर आली. मनालीनं ती झेलली, कारभारी मिस्त्रीजवळ ठेवली आणि पुन्हा हात पुढं केला.

धामणगाव बढ्याच्या त्या बांधकामावर येणारा जाणारा मान वर करून बघायचा. पंजाबराव तायड्याची मनाली, फोर्समधली सरकारी नोकरी, लेहला बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर, आणि मे महिन्याच्या उन्हात महिनाभराच्या सुट्टीवर येऊन विटा झेलते! सुट्टी अशी घालवतं का कोणी?

पण हे काम तिच्यासाठी नवं नव्हतं. सोळाव्या वर्षी मायनंच शिकवलं होतं. नजर विटेवर ठेवायची नाही, फेकणाऱ्याच्या मनगटावर ठेवायची. हात पुढं जाऊन वाट पाहतो, आणि वीट आली की तिच्यासंगं वीतभर मागं जातो. विटेचा मार खायचा नसतो, तो संगं घेऊन जायचा असतो. हात ताठ ठेवणाऱ्याची नखं जातात.

तीन वर्षं अशा विटा झेलल्यावर एकोणिसाव्या वर्षी ती नांदुऱ्याहून गाडीत बसून भरतीला गेली आणि लागली. लेहला बदली झाली तेव्हा गावानं हसून घेतलं, "नावच मनाली, बर्फात जाईन नाई तं कुठी जाईन!" पंजाबरावानं ते नाव कॅलेंडरवरच्या चित्राखालून उचललं होतं. ते गाव कोणत्या दिशेला आहे, हे बिचाऱ्याला आजही सांगता यायचं नाही.

फोर्सच्या हॉकी संघात स्केटवर पहिल्या दिवशी ती अकरा वेळा आपटली. कोच म्हणाले, जिला चालता येत नाही तिला गोलात उभी करा. गंमत म्हणून त्यांनी टेनिसचे चेंडू मारले. डाव्या हातानं तिनं सगळे झेलले. दुसऱ्या दिवशी अंगावर पॅड चढले. आता सहा हिवाळे झाले होते. पहिले तीन ती बदली गोलकीपर होती, चौथ्यापासून पहिली. त्याच चौथ्या हिवाळ्यात उजवा गुडघा एकदा जबर दुखावला. पण बर्फावर कोणाचा गुडघा धड असतो? पट्टा बांधून ती खेळत राहिली.

घात झाला तो गेल्या फेब्रुवारीत. फायनल, दोन-दोन गोल, शेवटचं मिनिट. समोरच्या पोरीनं चकती हाणली, मनालीनं ती हवेतच टिपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि रेफरीनं हात गोलाकडं दाखवला. चकती ग्लोव्हात होती, पण ग्लोव्ह तिला घेऊन रेषेच्या आत गेला होता. रेषेपलीकडं गेलेली चकती म्हणजे गोल, मग ती हातात का असेना. झेलूनही हरलेली बाई त्या मैदानावर लोकांनी पहिल्यांदाच पाहिली.

कोचनी तेवढा व्हिडिओ तीनदा दाखवला. "तायडे, ये हाथ पीछे लेने की आदत छोड़. दिसंबर में ट्रायल है. गोलकीपर दो ही रखूँगा."

गोलकीपर होत्या तीन. तिसरीनं सीमेवरच्या चौकीवर परत जायचं. अठ्ठाविसाव्या वर्षी चौकीवर गेलेल्या बाईला पुन्हा बर्फावर कोणी बोलावत नाही, हे मनालीला पक्कं ठाऊक होतं. हाताला सवय विटांनी लावली, तर मोडायची पण विटांनीच, असं ठरवून ती घरी आली होती.

तिनं हात ताठ धरला. पहिल्या दिवशी तळवे सुजले. तिसऱ्या दिवशी मधल्या बोटाचं नख काळं पडलं.

"हात लाकडासारखा कायले धरून राह्यली वं?" तानाबाई खालून म्हणाली. "वीट हाये थे, पाहुणी नाई. येऊ दे मागं."

"मागं नाई येऊ द्यायचा, माय. मागं आला का गोल होते."

"कशाचा गोल?"

दुपारी भाकर खाताना मनालीनं विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघ ओढली, रेघेवर गोलाची चौकट काढली आणि सगळं सांगितलं. तानाबाईनं मिरची चावत रेघेकडं पाहिलं. "लाखभर विटा झेलल्या तेव्हा कुठी हा हात तयार झाला. अन् तू थो मोडाले निंगाली," एवढं बोलून तिनं पाण्याचा गडवा तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं परांचीच्या अगदी मागं नवे थर लावले होते. सिमेंट ओलं होतं. मनालीनं निग्रहानं चार जोड्या ताठ हातानं घेतल्या. पाचवी जरा जोरात आली, आणि हात आपल्या जुन्या वाटेनं मागं गेला. कोपर भिंतीत घुसलं. तीन विटा सरकल्या, एक पलीकडं पडली.

"अवं बापा!" कारभारी मिस्त्री ओरडला. "मागं ओली भिंत हाये, दिसत नाई काय? हात आवर थो!"

"हाताले काई म्हनू नोको मिस्त्री," खालून तानाबाई गरजली. "हात बराबर हाये. तिचे पाय चुकून राह्यले. पोट्टे, मागं ओली भिंत असली का फळीच्या पुढच्या काठावर उभं राह्यतेत. येवढं बी विसरली काय?"

मनालीनं खाली आपल्या पायांकडं पाहिलं. विसरलीच होती. सोळाव्या वर्षी जे पायांना कळत होतं ते कुठं गेलं? आणि मग तिला गुडघा आठवला. दुखावल्यापासून पुढं सरकणं, परत येणं नको वाटायचं, म्हणून ती वीत वीत मागं जात पार रेषेला टेकली होती. तिलाही कळलं नाही, कोचलाही नाही. सगळ्या जगानं हात पाहिला. पाय फक्त मायनं पाहिले.

उरलेली सगळी सुट्टी ती फळीच्या पुढच्या काठावर उभी राहिली. खाली बारा फूट मोकळं, त्यामुळं गुडघा वाकवून, अंग तोलून उभं राहावं लागायचं. संध्याकाळी गुडघा सुजायचा, सकाळी ती पट्टा आवळून पुन्हा वर चढायची. "उद्या सुट्टी घेतं काय?" असं मिस्त्रीनं दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा पुढच्या जोडीसाठी हात पुढं केला.

डिसेंबरात लेहला बर्फ धरलं. ट्रायलला एकेकीवर तीस फटके. मनाली रेषेच्या दोन हात पुढं येऊन उभी राहिली. मागं ओली भिंत आहे, असंच तिनं धरलं. काठी फिरवणारीचं मनगट पाहिलं, चकती पाहिलीच नाही. हात मागं जायचा तेवढा गेला, रेषा त्याच्याही मागं राहिली.

कोच ओरडले, "तायडे! हाथ तो अब भी पीछे जा रहा है!"

"जाने दो साब. पीछे जगह है."

तिसातले चार आत गेले. लेहच्याच एकवीस वर्षांच्या पोरीचे तीन गेले, तिसरीचे सात. कोचनी जागेवरच दोन नावं वाचली. मनालीचं दुसरं होतं.

तिनं कठड्याला टेकून घरी फोन लावला.

"आलं काय नाव?"

"हाव, माय. पन दोन नंबरवर."

"एक नंबर कोन?"

"इथलीच पोट्टी हाये. लय चांगली अडवते."

"मंग तिचे पाय पाह्यजो, काई शिकशीन. अन् बोट?"

"नवं नख आलं."

"ठेव मंग. मिस्त्री वरून बोंबलून राह्यला."

फोन तिकडूनच बंद झाला. बर्फावर स्केटचे ओरखडे पडून पांढरा कीस साचला होता. बाकीच्या पोरींनी झाडू उचलले. मनालीनं पॅड सोडले, फावडं घेतलं आणि गोलाच्या तोंडापासून कीस ओढायला सुरुवात केली. तीन वाजता पुन्हा सराव होता.