ढालीपुढचा दोहा

शहरातल्या इतवारी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानदाराची मी मुलगी. सत्तरच्या सुमारास खापरखेड्याजवळच्या एका गावात पाटलांच्या घरी सून म्हणून आले. मॅट्रिक झालेली सून गावात मी एकटीच. त्यामुळे घरातली गोष्ट बाहेर फुटली की सासऱ्यांची नजर आधी माझ्याकडे वळायची. त्यांना मी मामाजी म्हणत असे.

दिवाळीच्या पाडव्याला गावचे गोवारी ढाल घेऊन दारी येत. उंच बांबूला गुंडाळलेलं कापड, वर मोरपिसांचा झुबका. तोच त्यांचा देव. वर्षभर ओट्याखाली उभे राहून बोलणारे हे गुराखी त्या दिवशी आमच्या अंगणात मधोमध नाचत. ढालीपुढं म्हटलेल्या दोह्यावर पाटलानं रागवायचं नाही, अशी रीत होती. दोहे बहुधा गाईंचे, थट्टेचे असत.

एका वर्षी म्होरक्या गोवारी नाचत नाचत ओटाच चढला आणि काठी उंचावून गायला,

‘श्रावणाच्या महिन्यामंदी कोंबडं कोनं खाल्लं,
गाय पुसे पाटलाले, गायरान कोनं गिळलं?’

डफडं कडाडलं. सारं अंगण हसलं. मामाजीही हसले, पण हातातलं पान त्यांनी चुरगळून टाकलं होतं.

गायरानाचा तुकडा मामाजींनी तार ओढून आपल्या वावरात घेतला होता, हे सगळं गाव पाहत होतं. कोंबडं मात्र बंद दाराआड शिजलं होतं, मोजणीला आलेल्या तलाठ्यासाठी. ते ठाऊक होतं फक्त घरातल्या चौघांना: मामाजी, सासूबाई, माझे यजमान आणि मी.

ढाल पुढच्या दारी गेली तशी मामाजींनी मला हाक मारली.

“गोवाऱ्यायले कोनं सांगतलं?”

“मले काय माहीत मामाजी?”

“शहरातली शिकलेली तूच आहे न घरात.”

सासूबाई खाली मान घालून तांदूळ निवडत होत्या. यजमान काही बोलले नाहीत, म्हणून मला त्यांचाच संशय आला. भांडी घासणारी बाई कोंबड्याची पिसं पाहून गेली असेल, असंही वाटलं. माझं माहेरी जाणं बंद झालं. मी विहिरीवर कुणाशी बोलले तरी मामाजी खाकरत. आणि मीही, यजमान चौकातून उशिरा आले की कुणाशी बोलत होते ते विचारू लागले.

मामाजींनी म्होरक्याला कामावरून काढलं. पण दुसरा कुणी गोवारी आमची गुरं चारायला तयार होईना. गोठ्यात गाई हंबरत राहिल्या, दूध आटलं. उन्हाळा लागता लागता, “खुंट सडले” म्हणत मामाजींनी गायरानाची तार काढवली आणि त्याच म्होरक्याला निरोप धाडला.

पुढच्या पाडव्याला ढाल पुन्हा आली. सासूबाई आरती घेऊन पुढं झाल्या, मी मागं कुंकवाची वाटी धरून. म्होरक्यानं नवा दोहा उचलला. पहिली ओळ संपायच्या आत सासूबाईंचे ओठ हलले. दुसरी ओळ त्याच्या तोंडी येण्याआधी त्यांनी पुटपुटली होती. शब्दाला शब्द.

स्वयंपाकघरात मी त्यांना गाठलं. “आत्याबाई, तुम्ही?”

“हळू बोल वं.” त्यांनी दाराकडं पाहिलं. “श्रावणात माह्या हातानं कोंबडं शिजवाले लावलं. सोमवारी. मी नाही म्हटलं त कोनं आयकलं? ढालीपुढं बोललं त आयकाच लागते.”

“मंग वर्षभर माह्यावर आळ काहून येऊ देला?”

त्या चुलीत फुंकर मारत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुले माहेर आहे. तुले हाकललं असतं त बापानं घरात घेतलं असतं. मले कोनं घेतलं असतं?”

मला राग आला होता. तरी मी कुणाला काही सांगितलं नाही. मामाजी जाईपर्यंत माझ्यासमोर जपूनच बोलत. ते वारल्यावर एकदा यजमानांनी विचारलं, “तूच सांगतलं होतं न?” मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या दिव्यात तेल घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.