आठाला टेकलेलं रक्त

आईनं फोनवर सांगितलं, "अगं, रक्त आठाला टेकलं बघ! लय वाढलं," आणि मी तिला शाबास म्हणाले. मी, परभणीतल्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आमच्याकडे बाईच्या रक्ताचा आकडा एकच, हिमोग्लोबिनचा. तो कायम कमी असतो आणि वाढला की घरात बरं वाटतं. आईला जन्मभर प्रत्येक दवाखान्यात "रक्त वाढवा" एवढंच ऐकायला मिळालेलं. पण दोन वर्षांपासून तिच्या हृदयात धातूची झडप होती. झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून ती रोज रक्त पातळ ठेवायची एक गोळी घ्यायची. मानवतच्या दवाखान्यात महिन्याला बोट टोचायचे आणि रक्ताचा थेंब लहानशा यंत्रात घालून ते किती उशिरा गोठतं ते बघायचे. हा आकडा अडीच ते साडेतीन हवा. मला पाठ होतं हे! पण त्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी गेलेले, चिठ्ठी आईच्याच हातात पडली, आणि तिच्या आवाजातला आनंद ऐकून माझंही डोकं हिमोग्लोबिनकडेच गेलं. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि मी फोन ठेवला.

तीन दिवसांनी ती एसटीनं माझ्याकडे आली. हिरड्यांतून रक्त येत होतं, थांबत नव्हतं. दंडावर जांभळे डाग, आणि कुठं आपटल्याचं तिला आठवेना. मी पिशवीतली चिठ्ठी काढून वाचली. तो आठ हिमोग्लोबिनचा नव्हता, गोठण्याचा होता.

इथल्या डॉक्टरांनी लगेच बोट टोचलं. मिनिटाभरात यंत्रावर आकडा आला, नऊच्याही वर. डोक्यात रक्तस्राव होऊन जीवही गेला असता, हे त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं. गोळी बंद केली. व्हिटॅमिन के दिलं, पण बेतानंच, कारण आकडा फार उतरला तर झडपेवर गुठळी व्हायची. खोकल्यासाठी तिनं दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी घात केला असावा, असं ते म्हणाले. पण त्या संपल्यावरही गेल्या तीन दिवसांत आकडा आणखी का चढला, ते त्यांनाही कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा तीनवर आला. तिथं खाटेपाशीच मला रडू फुटलं. मी सगळं कबूल केलं. "आई, तो आकडा वाढणं वाईट होतं गं. मी शाबास म्हणायला नको होतं."

ती खाटेवर उठून बसली.

"मला वाटलं, त्या झडपेच्या गोळीनंच रक्त वाढायलंय," ती म्हणाली. "तू शाबास म्हणलीस, मंग तवापासून मी रोज दोन घेतल्या."