झालंच समजा!

रफूगारमामांच्या हातात जादू होती आणि तोंडात एकच शब्द: "झालंच!" सिगारेटने जळालेला कोट असो की खिळ्यात अडकून फाटलेली पँट, त्यांनी रफू केलं की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच सापडत नसे. मात्र कपडा हाती पडेपर्यंत दुकानाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. कारण "झालंच" म्हणताना मामांनी बहुधा सुईत दोराही ओवलेला नसे.

घरी तर दिव्याखाली अंधार. मामींच्या आईने विणलेल्या स्वेटरचं कोपर कधीचं विरलं होतं. आता परदेशातल्या लेकीच्या बाळंतपणाला दोघं जाणार होती, आणि मामींनी निक्षून सांगितलं होतं, "आईचा स्वेटर अंगात असेल तरच मी येणार. नाहीतर तुम्ही एकटे जा आणि दुपटी धुवा."

"अगं, झालंच!" म्हणून मामा निघाले ते इंग्रजीच्या शिकवणीला. तिकडे गेल्यावर चार शब्द बोलता यायला नकोत?

शिकवणीच्या बाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी मुद्दाम मामांच्या धंद्यातलं क्रियापद काढलं: डार्न, म्हणजे रफू करणं. "आय विल डार्न" मामांना चटकन जमलं. नुसत्या 'करीन'ला त्यांची कधीच ना नव्हती. "आय विल बी डार्निंग" तर फारच आवडलं, त्यात काम चालूच राहतं. गाडी अडली ती "आय विल हॅव डार्न्ड"पाशी.

"म्हणजे अमुक वेळेपर्यंत काम उरकलेलं असेल," बाई म्हणाल्या. "वार सांगा, मामा."

"वार कशाला? आमच्यात 'झालंच' म्हणतात."

"तो भूतकाळ. काम झालंय का?"

"नाही. पण होईलच की!"

बाईंनी कपाळाला हात लावला.

मामा घरी येऊन तेच वाक्य घोकत बसले. पुढचं पाठ, मागचं सपाट. शेवटी इस्त्री करणाऱ्या मामी वैतागल्या. "काय पुटपुटताय? मराठीत सांगा."

मामांनी शब्दाला शब्द जुळवत सांगितलं, "शुक्रवारपर्यंत मी तुझा स्वेटर रफू केलेला असेल."

मामींची इस्त्री थांबली. "हे मराठीतही म्हणता येतं होय?" त्यांनी चेष्टेनेच विचारलं, पण डोळे भरून आले होते. मामांना फार ओशाळल्यासारखं झालं. ते उठले आणि सुईत दोरा ओवू लागले.

शुक्रवारी मामींनी स्वेटरचं कोपर खिडकीशी धरून भोक शोधलं. सापडलं नाही. मग आतून त्यांनी हाक मारली, "अहो, माळ्यावरून दोन बॅगा काढा."

'दोन' ऐकून मामा हरखले.

"काढल्याच!" ते खुर्चीतूनच म्हणाले.